वर्षाला दोन बाळं

टेटची, म्हणजे नव्या वर्षाची सुट्टी संपून बालवाडी उघडली की पहिल्याच शनिवारी निळी वही निघायची. तीन वर्षांच्या पोरांसाठी केलेल्या बुटक्या खुर्च्यांवर तेवीस शिक्षिका गुडघे छातीशी घेऊन बसायच्या आणि मोठ्या बाई वाचून दाखवायच्या, की या वर्षी कोणाला दिवस जायला परवानगी आहे. वर्षाला दोन. तिसरीला नाही. सा देक गावातल्या या सरकारी बालवाडीत पाचशे मुलं होती, आणि त्यांना भरवणाऱ्या, पुसणाऱ्या, निजवणाऱ्या बायकांना स्वतःची मुलं व्हायची ती वर्षाला दोन.

याचं कोणाला काही वावगं वाटत नसे. सवय झाली की माणूस कशालाही पद्धत म्हणतो. आधी परीक्षा देऊन कायमची जागा मिळवायची, मग पदवी घ्यायची, मग जिल्ह्याच्या स्पर्धेत उत्तम शिक्षिकेचं बक्षीस आणायचं, आणि एवढं सगळं करून अंगात त्राण उरलं तर आई व्हायचं. जी जास्त पुढे गेली तिचा नंबर वर. करारावरची एखादी मुलगी मध्येच गरोदर राहिली, तर तिचा करार मेमध्ये संपायचा आणि पुन्हा व्हायचा नाही. वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या बाईंच्या, न्हुंगबाईंच्या वळणदार अक्षरात ‘वरून आलेल्या सूचनेनुसार’ असं लिहिलेलं होतं आणि त्यावर शाळेचा लाल गोल शिक्का. लाल शिक्का दिसला की आमच्याकडे माणूस पुढचं वाचत नाही, खाली सही कुठे करायची एवढंच विचारतो.

यंदा वही लुयेनने वाचली. लुयेन एक्केचाळीस वर्षांची, गेल्या वर्षीपासून उपमुख्याध्यापिका. न्हुंगबाई जूनमध्ये निवृत्त होणार होत्या आणि त्यांच्या खुर्चीवर लुयेनच बसणार हे ठरल्यासारखं होतं, म्हणून बाईंनी आपण होऊन वही तिच्या हातात दिली. “वाच. सवय कर,” म्हणाल्या. त्यात ड्रॅगनचं वर्ष. ड्रॅगनच्या वर्षातलं मूल नशीब काढतं म्हणून नऊ जणींनी अर्ज दिले होते. लुयेनने दोन नावं वाचली, थोआ आणि किउ. थोआ अडतीस वर्षांची. पदवी उशिरा मिळाली म्हणून सहा वर्षं मागे ढकलली गेलेली. नाव ऐकून ती हसली नाही की रडली नाही. नुसती खुर्चीवरून उठली, आणि कशाला उठलो ते न कळल्यासारखी परत बसली.

शेवटच्या रांगेत न्हुंगबाईंची सून दिएप बसली होती. अठ्ठावीस वर्षांची, गेल्याच वर्षी करारावर लागलेली, नंबर सातवा. लुयेनने वही मिटली आणि तिच्याकडे बघून हसली.

त्या हसण्यामागे काय होतं ते त्या वर्गात एकीलाही कळलं नाही. नागिणीने धरावा तसा डूख लुयेनने पंधरा वर्षं धरला होता, आणि पंधरा वर्षं ती बाईंच्या पुढ्यात चहा ठेवत आली होती.

पंधरा वर्षांपूर्वी तीही करारावर होती. लग्नाला आठ महिने झालेले. नवरा तोआन बोटींना डिझेल विकणाऱ्या पंपावर कामाला. कायमच्या जागेची परीक्षा तीन महिन्यांवर आली आणि तिला दिवस गेले. वहीत तिचा नंबर अकरावा. दुपारी मुलं निजल्यावर न्हुंगबाईंनी तिला खोलीत बोलावलं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“लुयेन, पोरी, मूल काय, आज नाही तर उद्या होईल. कायमची जागा उद्या मिळत नाही.”

“घरी विचारते, बाई.”

“परीक्षा काय घरचे देणार आहेत? तुझ्यापुढे दहा जणी थांबल्यात. उद्या त्यांच्या तोंडाकडे बघवेल का तुला?”

दुसऱ्या दिवशी बाईंनी स्वतःच्या स्कूटरवर बसवून तिला दवाखान्यात नेलं. “कंबर घट्ट धर माझी, रस्ता खराब आहे,” म्हणाल्या. येताना कोपऱ्यावरच्या गाडीवर मांसाची गरम पेज घेऊन दिली, वर आल्याचे काप जास्त घालायला लावले, आणि वाटी रिकामी होईपर्यंत समोर बसून राहिल्या. “याची वाच्यता कुठे करू नकोस. तुझ्याच भल्याचं सांगते.” लुयेनने केली नाही. उलट त्या दिवसापुरते तरी तिला ते बाईंचे उपकार वाटले होते. हे आठवलं की तिला आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटे.

परीक्षेत ती पहिली आली. मग चार वर्षं शनिवार-रविवार कान थो शहराची बस धरून पदवी केली. मग स्पर्धेतलं बक्षीस. तेहतिसाव्या वर्षी वहीत नाव आलं, आणि मूल आलं नाही. सैगॉनच्या डॉक्टरने तपासून सांगितलं, त्या वेळी आत संसर्ग झाला असणार, दोन्ही नळ्या बंद झाल्यात. तोआन आणखी दोन वर्षं राहिला आणि मग व्हिन्ह लाँगच्या एका बाईकडे गेला. आता त्याला दोन मुलगे आहेत. तोआनला तिने केव्हाच माफ करून टाकलं होतं. न्हुंगबाईंना नाही.

तरीही इतकी वर्षं तिचा अर्धा राग सरकारवर होता. सूचना वरची, बाई काय, हुकमाच्या ताबेदार. गेल्या वर्षी उपमुख्याध्यापिका झाल्यावर कपाटांच्या किल्ल्या हातात आल्या आणि तिने पहिली ती सूचना शोधली. आपलं मूल कोणत्या कागदाने खाल्लं, त्यावर सही कोणाची आहे, हे तिला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. तीन दुपारी तिने कपाटं उपसली. दुधाच्या पावडरीची बिलं सापडली, वीस वर्षांपूर्वीची हजेरीपत्रकं सापडली, मेलेली पाल सापडली. सूचना सापडली नाही. शेवटी ती शिक्षण कार्यालयात गेली आणि सूचनेची प्रत मागितली. तिथला तरुण अधिकारी कॉफी पिता पिता ठसकला.

“कसली सूचना, ताई? बायकांनी मूल कधी होऊ द्यावं असं कोण लिहून देईल? नोकरी जाईल त्याची. कायद्यातच मनाई आहे याला!”

“मला वाटलं, जुनी असेल.”

“जुनीही नाही आणि नवीही नाही. कोणी सांगितलं तुम्हाला हे?”

“कोणी नाही. असंच ऐकलं होतं,” लुयेन म्हणाली आणि बाहेर येऊन नदीकाठच्या बाकावर बसली. हेल्मेट डोक्यावर चढवून तिने परत काढलं. पंधरा वर्षं तिने सरकारला शिव्या घातल्या होत्या, आणि सरकार बिचारं निदान यात तरी निर्दोष होतं. तो नियम नव्हताच. ती एका बाईची सोय होती. शाळा सुरळीत चालावी, रजेचे घोळ नकोत, दरवर्षी जिल्ह्याचं प्रशस्तिपत्र भिंतीवर लागावं, म्हणून एका बाईने निळी वही आणली होती, आणि तेवीस जणींपैकी एकीनेही कधी विचारलं नव्हतं, की बाई, तो वरचा कागद दाखवा बरं.

लुयेनने हे कोणाला सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं? बाई दोन दिवस मान खाली घालून फिरल्या असत्या आणि जूनमध्ये हारतुरे घेऊन घरी गेल्या असत्या. तेवढ्याने लुयेनचं भागणार नव्हतं. जे आपलं गेलं तेच बाईंचं जावं, आणि बाईंच्याच हातांनी जावं, असं तिला वाटत होतं. रोज सकाळी फाटकाशी उभं राहून लोकांची मुलं कडेवर घेताना तिला हे वाटे, आणि त्याची तिला लाज वाटत नसे.

मार्चच्या मध्यावर एका रविवारी सकाळी न्हुंगबाई तिच्या दारात उभ्या राहिल्या. हातात चार पपनसं. बाई कधी कोणाच्या घरी जात नसत. लुयेनने त्यांना आत बसवलं, चहा ठेवला आणि वाट पाहिली.

“दिएपला दिवस गेलेत,” बाई म्हणाल्या. “टेटला सैगॉनहून आला होता ना आमचा, आठ दिवस.”

“अरे वा! अभिनंदन, बाई.” लुयेनने त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

“नोव्हेंबरचं बाळ. ज्योतिषी म्हणाला, असा ड्रॅगन साठ वर्षांतून एकदा येतो. एकुलता एक मुलगा माझा, मी तरी आणखी कशासाठी जगायचं?”

“छानच झालं. पण दिएपचा नंबर सातवा, बाई.”

“तेच बोलायला आले. थोआचं पुढच्या वर्षी बघू. सहा वर्षं थांबली, आणखी एक थांबेल. तिला काय फरक पडतो?”

“अडतिसाव्या वर्षी पडतो. मला तेहतिसाव्यालाच पडला.”

बाईंनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. एक पपनस जवळ ओढून सोलायला घेतलं.

“वही तुझ्याकडे आहे, लुयेन. एक ओळ खोडायची, एक लिहायची. कोण विचारतंय?”

“वरचे विचारतील ना! तुम्हीच तर शिकवलंत, वरच्या सूचनेत खाडाखोड चालत नाही.”

“वरच्यांचं मी बघून घेते.”

“मग एवढं करा, वरून एक कागद आणा. ‘दिएपला सूट द्यावी’ एवढंच. कागद आला की त्याच मिनिटाला लिहिते.”

पपनसाच्या सालीत बाईंचं नख थांबलं. “तो नियम तसा अगदी कागदावर नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे तोंडी होता. त्या वेळी तसंच असायचं.”

“कोणाच्या तोंडचा, बाई?”

बाहेरच्या रस्त्यावरून झेंडूच्या कुंड्यांनी भरलेली गाडी खडखडत गेली, तिचा आवाज पार पुलापर्यंत ऐकू आला.

“मग येत्या शनिवारी बैठकीत सगळ्यांना सांगून टाका,” लुयेन म्हणाली. आपला आवाज इतका गोड निघतोय याचं तिचं तिलाच नवल वाटलं. “‘वरून काही नव्हतं, मीच केलं होतं.’ एक वाक्य. दिएपचं बाळ सुखरूप, थोआचं सुखरूप, सगळ्यांचीच सुखरूप. आणि नसेल सांगायचं, तर नियम तो नियम. सुनेला समजावा. मूल काय, आज नाही तर उद्या होईल.”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. आपलेच शब्द त्यांनी ओळखले. “किती वर्षं वाट बघत होतीस?”

“पंधरा.”

बाई अर्धं सोललेलं पपनस तसंच टाकून उठल्या. त्या गेल्यावर लुयेनने ते बसून एकटीने संपवलं. इतकं गोड पपनस तिने आयुष्यात खाल्लं नव्हतं.

पुढचे पाच दिवस ती बाईंवर डोळा ठेवून होती. बाईंची आता इकडे आड, तिकडे विहीर. बोलल्या तर तेवीस जणींसमोर नाक कापलं जाणार, आणि बातमी वर गेली तर निवृत्तीचं प्रशस्तिपत्रही जाणार. गप्प राहिल्या तर नातवंड जाणार. लुयेनची जवळजवळ खात्री होती की बाई बोलतील. अडला हरी गाढवाचे पाय धरी. इथे तर वंशाचा प्रश्न. तिला थोडं वाईटही वाटत होतं, की बाई एवढ्यावर सुटतील.

शुक्रवारी पाच वाजता मुलं घरी गेल्यावर दिएप मोठ्या गटाच्या वर्गात मुलांच्या झोपायच्या चटया गुंडाळत होती. लुयेन कुलूप लावायला आली.

“ताई, उद्याच्या बैठकीतून मी मध्येच उठेन. आई नऊ वाजता मला दवाखान्यात नेणार आहेत.”

“तपासायला?”

“नाही,” दिएप म्हणाली आणि चटई जरा जास्तच घट्ट गुंडाळली. “आईंनी खूप विचार केला. सप्टेंबरात परीक्षा. आठव्या महिन्याचं पोट घेऊन काय बसणार मी? आणि स्वतःच्या घरातच नियम मोडला तर एवढ्या बायकांना काय तोंड दाखवणार, म्हणाल्या. बरोबरच आहे त्यांचं. मला कळवायचं होतं म्हणून सांगितलं. यांना अजून सांगितलं नाही, उगाच कामावर डोकं फिरेल त्यांचं.”

लुयेनला आनंद झाला. बाईंनी नातवंडापेक्षा प्रशस्तिपत्र निवडलं होतं! त्याच स्कूटरवरून, त्याच रस्त्याने, त्याच हातांनी. तिने काहीच करायचं नव्हतं. फक्त तोंड मिटून उद्या दहा वाजेपर्यंत थांबायचं होतं, आणि मग जन्मभर बाईंकडे बघायचं होतं.

“ताई,” दिएपने विचारलं, “दुखतं का हो?”

“मला काय माहीत?”

“नाही, मला वाटलं, तुम्ही कुठे वाचलं असेल. आईंना विचारलं तर म्हणाल्या, नंतर गरम पेज खाल्ली की काही वाटत नाही.”

लुयेनच्या तोंडाला आल्याची चव आली. खरोखरच आली. पंधरा वर्षांत तिने आल्याची पेज तोंडात घातली नव्हती. ती बुटक्या खुर्चीवर मटकन बसली आणि समोरच्या पोरीकडे बघत राहिली. सूड बाईंवर उगवायचा होता आणि उद्या टेबलावर पडणार होती ही. बाईंनी आजवर हिशेब केला तो दुसऱ्यांच्या पोटांवर. लुयेनही आता तेच करायला निघाली होती. तिला बाईंचा राग आला तो आलाच, पण आपल्याला त्यांच्या पंगतीला नेऊन बसवलं म्हणून दुप्पट आला.

“दुखतं,” ती म्हणाली. “फार दुखतं. आणि पेजेने काही होत नाही.”

मग तिने सगळं सांगितलं. स्कूटर, दवाखाना, नळ्या, तोआन. आणि शेवटी, तो कागद नसल्याचं. दिएप चटई छातीशी धरून उभ्यानेच ऐकत होती. मागे दारात काहीतरी पडलं. थोआ बादली घेऊन आली होती. तिच्या हातातून फडकं सुटलं होतं.

“तुलाही?” थोआ म्हणाली.

“म्हणजे तुला?”

“दोन हजार चौदा साली. परीक्षेआधी. कोपऱ्यावरच्या गाडीवर बसवलं मला. गाडीवाल्या बाईला म्हणाल्या, आलं जास्त घाल, पोरीला गारठा बाधलाय.” थोआ जमिनीवर बसली. “मला वाटायचं, मी एकटीच.”

त्या संध्याकाळी तिघींनी फोन लावले. प्रत्येकीला ‘तुझ्याच भल्याचं’ म्हणून गप्प बसवलेलं, आणि प्रत्येकीला वाटत होतं की आपण एकटीच. जेवणवेळेपर्यंत लुयेनखेरीज सहा जणी निघाल्या. सहावीचं लग्न त्यानंतर मोडलं होतं, तिने फोनवर नुसतं “उद्या किती वाजता?” विचारलं.

शनिवारी आठ वाजता बैठक सुरू झाली. न्हुंगबाई पांढऱ्या सदऱ्यात, केस नीट रंगवलेले. पावसाळ्याआधी छप्पर दुरुस्त करण्याबद्दल बोलल्या, पालकांच्या तक्रारींबद्दल बोलल्या. त्या एका वाक्याचं त्यांनी नावही काढलं नाही. साडेआठला घड्याळ बघून उठल्या.

“पुढचं लुयेन घेईल. दिएपला जरा बरं नाही, दवाखान्यात नेऊन आणते.”

“मी येते सोबत, बाई,” थोआ उभी राहिली. “मला रस्ता माहीत आहे.”

“तुझं काय काम? बस खाली.”

“मलाही माहीत आहे,” खिडकीजवळची एक उठली.

“मलाही.”

“मलाही, बाई. पुलापलीकडे डावीकडे.”

सहाच्या सहा उभ्या राहिल्या. बाकीच्यांना आधी काही कळेना, आणि मग हळूहळू कळायला लागलं. बाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली. कुठली कुठल्या सालची, ते त्यांना आठवत असणार.

“वरचा कागद दाखवा, बाई,” लुयेन म्हणाली. “मी कपाटं बघितली, कार्यालयातही जाऊन आले. आता तुम्हीच दाखवा.”

बाई घाबरल्या असत्या, रडल्या असत्या, तर कदाचित काही वेगळं झालं असतं. त्या ताठ झाल्या.

“कागद हवा होता काय तुम्हाला? पाचशे मुलं आहेत इथे. चौघी एकदम रजेवर गेल्या असत्या तर त्यांना कोणी बघितलं असतं? बदलीला एक माणूस मिळत नाही वरून! तुम्ही आलात तेव्हा काय होतात? भाजीवाल्यांच्या, कोळ्यांच्या पोरी. पदव्या कोणी घ्यायला लावल्या? कायम कोणी केलं? विशीत पोरं काढून बसला असतात तर आज फुलांच्या कुंड्या भरत असतात दुसऱ्यांच्या मळ्यात.”

“खरं आहे,” थोआ म्हणाली. “पण तुम्ही विचारलं असतंत, बाई, तर त्यातली एखादी म्हणाली असती, मला कुंड्या भरायच्यात.”

“आणि एखादी म्हणाली असती, दोन्ही करते,” लुयेन म्हणाली. “तुम्हाला दोन्ही मिळालं. तेव्हा ही वही नव्हती.”

बाई दिएपकडे वळल्या. “चल. उशीर होतोय.”

सगळ्यांना वाटलं होतं की हे एवढं झाल्यावर तरी त्या तो विषय सोडतील. दिएप जागची उठली. तिचा आवाज स्वच्छ होता.

“आई, बुधवारपर्यंत तुम्ही याला ड्रॅगन म्हणत होतात. परवा म्हणालात, नियम आहे, माझा नाइलाज आहे. नियम तर तुमचाच होता. म्हणजे परवा रात्री तुम्ही माझ्याशी बसून खोटं बोललात, आणि मी तुमचे पाय चेपत होते.”

“घरी बोलू.”

“घरी नाही. मी होंग न्गूला जाते, माझ्या आईकडे. बाळ तिथेच होईल.” ती दारापर्यंत गेली आणि वळली. “आणि तुम्ही येऊ नका.”

तिला बसवर बसवून द्यायला त्या सहा जणी गेल्या. बाई त्यांच्या रिकाम्या खुर्च्यांमध्ये उभ्या राहिल्या. लुयेनने त्यांच्याकडे पोट भरून पाहून घेतलं, आणि मग छप्परदुरुस्तीचा विषय पुढे चालवला.

बाई सोमवारपासून रजेवर गेल्या त्या गेल्याच. हारतुरे झाले नाहीत. थोआला जुलैमध्ये दिवस गेले, आणखी तिघींना गेले, आणि शाळेत रजेचा खरोखर घोळ झाला. नवी मुख्याध्यापिका लुयेन. तिने कार्यालयात रोज खेपा घालून, भांडून, दोन बदली शिक्षिका मिळवल्या आणि उरलेल्या वर्गात स्वतः जाऊन ढुंगणं धुतली. दिएपने आठव्या महिन्याचं पोट घेऊन होंग न्गूला परीक्षा दिली आणि तिसरी आली. तिचा नवरा दर शनिवारी सैगॉनहून थेट तिकडेच जायला लागला.

नोव्हेंबरच्या मध्यावर, दुपारी मुलं निजलेली असताना, न्हुंगबाई शाळेत आल्या. केस रंगवायचे त्यांनी सोडले होते. आपल्याच जुन्या खोलीत त्या पाहुण्यांच्या खुर्चीवर बसल्या.

“झालं का गं दिएपला?”

लुयेनने समोरचं हजेरीपत्रक मिटलं.

“मी दोनदा जाऊन आले. तिच्या आईने दार उघडलं नाही. मुलगा फोन घेत नाही. तुझ्याशी बोलते ती, मला माहीत आहे.”

“बोलते.”

“मी चुकले, लुयेन. तुझ्या बाबतीतही. आता म्हणते, मग तर झालं?”

“नाही, बाई. नाही झालं.”

बाईंनी मान हलवली. बराच वेळ हातातल्या पिशवीचे बंद ओढत राहिल्या. “बाळाला बघायचंय असं म्हणत नाही मी. एवढंच सांग, मुलगा की मुलगी? रोज संध्याकाळी पूर्वजांपुढे उदबत्ती लावते. घरात जीव आला की त्यांना सांगावं लागतं. मी हात जोडून उभी राहते आणि काय सांगायचं ते कळत नाही. यांचा फोटो बघतो माझ्याकडे. एक शब्द सांग, पोरी. मी उठून जाते.”

मुलगी होती. तीन किलो दोनशे. हनुवटीला खळी होती, उजव्या कुशीवरच झोपायची, आणि महिना भरला की त्या रविवारी तिचं कोडकौतुक करायला लुयेन आणि थोआ होंग न्गूला जाणार होत्या. तिचा फोटो समोरच्या खणात, फोनमध्ये होता.

“मला माहीत नाही, बाई,” लुयेन म्हणाली.

बाईंना ते खोटं आहे हे कळलं. त्या तरीही थोडा वेळ बसल्या, आणि मग भिंतीला हात लावत लावत उठून गेल्या. फाटकापर्यंत त्या दोनदा थांबल्या. लुयेन खिडकीतून बघत राहिली. आता आपल्याला वाईट वाटेल, म्हणून तिने थोडी वाट पाहिली. वाटलं नाही.